ताम्रपटाची संगणकीय संहिता आणि जुळणीसूत्रांचा विचार : वाशीम ताम्रपटाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह ज्या नगरात झाल्याची कथा सांगितली, ते हेच नगर. ‘वच्छोमी’ हे वैदर्भी रीतीचे प्राकृत नावही याच नगरनामाशी जोडले जाते. साहित्यशास्त्रात असा मान असलेल्या ह्या नगरावर वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती. ही गोष्ट मात्र १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे प्रथम निर्विवादपणे समजली. हा ताम्रपट द्वितीय विंध्यशक्तीचा आहे. तो त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिला गेला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा प्रत्यक्ष भाग प्राकृतात आहे. महाराष्ट्री प्राकृतापासून मराठीपर्यंतचा प्रवास अभ्यासणाऱ्यांना हा लेख म्हणूनच महत्त्वाचा वाटत आला आहे.

ह्या ताम्रपटाने आणखी एक काम केले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वाकाटकांची वंशावळ आहे. परंतु तो लेख झिजलेला असल्याने पूर्वीच्या वाचनात सर्वसेनाचे नाव ओळखले गेले नव्हते. वाशीम ताम्रपटात सर्वसेन हा द्वितीय विंध्यशक्तीचा पिता म्हणून आला आणि त्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचे वाचन दुरुस्त केले. ‘हरिविजय’ ह्या आज अनुपलब्ध असलेल्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन म्हणजे हाच राजा, ह्या प्रतिपादनालाही त्यामुळे आधार मिळाला. झिजलेल्या चारदोन अक्षरांच्या जागी संपादकाने काय वाचले, यावर एका राजशाखेचे आणि एका कवीचे अस्तित्व अवलंबून होते, असा ह्या घटनेचा अर्थ आहे. कोरलेले अक्षर कोणते आणि संपादकाने अनुमानाने भरलेले अक्षर कोणते, हा भेद पुढील प्रत्येक वाचकाला दिसला पाहिजे, ही कोरीव लेखांच्या संपादनाची पहिली अट होय.

छापील ग्रंथात ही अट कंसांनी पाळली जाते. मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यासारख्या ग्रंथांत संपादक आणि मुद्रितशोधक हे दोघेही प्रत्येक कंसावर नजर ठेवीत असत. आता लेख संगणकीय संहितेच्या रूपाने साठविले जातात आणि वाचकापुढे येणारे रूप रूपांतराच्या नियमांनी आपोआप तयार होते. कंस कोठे पडावा हे आता एक नियम ठरवितो. त्या नियमाच्या शिरोभागी जे छोटेसे सूत्र असते, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. खुणांकित संहिता

एक्सएमएल ही संहितेत खुणा करण्याची पद्धती १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून मान्य झाली. मानव्यविद्यांच्या संहितांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या टीईआय ह्या उपक्रमाने खुणांची एक विस्तृत नामावली घडविली आणि कोरीव लेखांसाठी तिच्यातूनच एपिडॉक ही शाखा निघाली. दक्षिण व आग्नेय आशियातील लेखांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘धर्म’ ह्या प्रकल्पानेही एपिडॉकचाच मार्ग स्वीकारला आहे.

टीईआयमधील खुणांची नावे इंग्रजी आहेत. परंतु एक्सएमएलच्या नियमांप्रमाणे ती देवनागरीतही देता येतात. विवेचनाच्या सोयीसाठी येथे मराठी नावे योजली आहेत आणि रचनाही सुलभ केली आहे. एका ताम्रपटाचा सांगाडा पुढीलप्रमाणे कल्पिता येईल :

<ताम्रपट>
<पत्रा क्रमांक='१'>
<ओळ क्रमांक='१' भाषा='संस्कृत'> … <संदिग्ध> … </संदिग्ध> … <पूर्ती कारण='लुप्त'> … </पूर्ती> … </ओळ>
</पत्रा>
</ताम्रपट>

यांतील ‘ताम्रपट’, ‘पत्रा’, ‘ओळ’, ‘संदिग्ध’, ‘पूर्ती’ हे घटक होत. ‘क्रमांक’, ‘भाषा’, ‘कारण’ हे त्यांचे गुणधर्म होत. घटकांच्या पोटात घटक असल्यामुळे संपूर्ण संहिता एखाद्या वंशवृक्षासारखी दिसते. ‘पत्रा’ हा ‘ओळ’ ह्या घटकाचा जनक, तर ‘ताम्रपट’ हा तिचा पूर्वज. ‘पूर्ती’ म्हणजे नष्ट झालेल्या जागी संपादकाने भरलेला पाठ. तो छापताना चौकोनी कंसात यावा, ही लायडन संकेतांनी १९३१ मध्ये रूढ केलेली रीत आहे.

३. जुळणीसूत्र म्हणजे काय?

अशा संहितेचे वाचनीय पृष्ठात रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा वापरतात. तिची पहिली प्रमाण आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी, दुसरी २००७ मध्ये आणि तिसरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या भाषेत लिहिलेल्या रूपांतरपत्रात अनेक साचे असतात. प्रत्येक साच्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात तो कोणाला लागू आहे ते सांगितलेले असते, दुसऱ्या भागात काय करावयाचे ते. पहिला भाग ‘मॅच’ ह्या गुणधर्मात लिहितात. त्यालाच येथे जुळणीसूत्र म्हटले आहे.

जुळणीसूत्र आणि शोधवाक्य यांचे लेखन सारखे दिसते. कार्य मात्र भिन्न आहे, आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो. शोधवाक्य एका जागी उभे राहून ‘येथून पुढे जा आणि अमुक घटक आण’ असे सांगते. जुळणीसूत्र कोठेही जात नाही. समोर आलेल्या घटकाकडे पाहून ते ‘हा आपल्या वर्णनात बसतो काय?’ एवढेच विचारते. नाक्यावर उभा असलेला तपासनीस प्रवाशाचा शोध घेत हिंडत नाही. समोर आलेल्या प्रवाशाची कागदपत्रे पाहतो, तसाच हा प्रकार. संहितेतून क्रमाने चालण्याचे काम रूपांतरयंत्र करते आणि प्रत्येक घटकापाशी थांबून कोणत्या साच्याचे सूत्र जुळते ते पाहते.

म्हणून जुळणीसूत्र उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘पत्रा/ओळ’ हे सूत्र समोरचा घटक ‘ओळ’ आहे काय हे प्रथम पाहते आणि असल्यास तिचा जनक ‘पत्रा’ आहे काय हे नंतर पाहते. सर्वांत उजवीकडचे पद म्हणजे निवडला जाणारा घटक. डावीकडची सर्व पदे ही त्याची विशेषणे. मराठी वाक्यातही विशेषणे डावीकडे आणि विशेष्य उजवीकडे असते. हे ध्यानात ठेवल्यास सूत्राचा अन्वय लावणे मराठी अभ्यासकाला अवघड वाटू नये.

४. सूत्राची घडण

(अ) केवळ नाव : ‘ओळ’. संहितेत कोठेही, कितीही खोलवर आलेली ओळ ह्या सूत्रात बसते. त्यामुळे ‘//ओळ’ असे लिहून व्याप्ती वाढत नाही. त्या दोन तिरप्या रेघांमुळे सूत्राचे वजन मात्र बदलते. त्याचा विचार पुढे येईल.

(आ) नक्षत्रचिन्ह : ‘*’. कोणताही घटक.

(इ) एक तिरपी रेघ : ‘पत्रा/ओळ’. जनक आणि अपत्य हे निकटचे नाते.

(ई) दोन तिरप्या रेघा : ‘ताम्रपट//पूर्ती’. पूर्वज आणि वंशज. मधल्या पिढ्या कितीही असोत.

(उ) ‘@’ हे चिन्ह : ‘ओळ/@क्रमांक’. ओळीचा क्रमांक हा गुणधर्म.

(ऊ) उभी रेघ : ‘संदिग्ध | पूर्ती’. दोहोंपैकी कोणताही.

(ए) चौकोनी कंस : ‘पूर्ती[@कारण='लुप्त']’. कंसातील अट पुरी करणारी पूर्तीच तेवढी.

कंसाच्या अटीबाबत एक भेद विशेष लक्षात घ्यावयास हवा. ‘संदिग्ध/पूर्ती’ आणि ‘संदिग्ध[पूर्ती]’ ही सूत्रे वरवर पाहता एकच वाटतात. पहिल्यात निवड पूर्तीची होते. ती संदिग्धाच्या पोटात असावी एवढी अट. दुसऱ्यात निवड संदिग्धाची होते. त्याच्या पोटात पूर्ती असावी ही अट. ‘अंगणातले झाड’ आणि ‘झाड असलेले अंगण’ यांत जो फरक आहे तोच येथे आहे. पहिल्या सूत्राने चौकोनी कंस पूर्तीभोवती पडेल. दुसऱ्याने तो संदिग्ध पण प्रत्यक्ष दिसणाऱ्या अक्षरांभोवतीही पडेल, आणि दिसणारी अक्षरे नष्ट झाल्याचा समज होईल.

संदर्भानुसार निवड हे जुळणीसूत्रांचे खरे सामर्थ्य आहे. ‘लीळाचरित्रा’ची संहिता खुणांकित केली तर ‘शीर्षक’ हा घटक ‘पूर्वार्ध’ ह्या विभागालाही असेल आणि प्रत्येक लीळेलाही असेल. ‘पूर्वार्ध/शीर्षक’ आणि ‘लीळा/शीर्षक’ अशी दोन सूत्रे लिहिली की दोहोंना वेगळा आकार देता येतो. त्यासाठी मूळ संहितेत वेगळ्या खुणा करण्याची गरज उरत नाही. संहितेत अर्थ नोंदवावा आणि रूप नियमांवर सोपवावे, हे तत्त्व येथे सिद्ध होते.

५. दोन नियमांचा संघर्ष

आता वाशीम ताम्रपटासारख्या द्विभाषिक लेखाचा विचार करू. प्राकृत ओळींतील शब्द वेगळ्या वळणाच्या टंकात छापावयाचे असतील, तर सूत्र असे होईल :

ओळ[@भाषा='प्राकृत']//शब्द

परंतु एखाद्या प्राकृत ओळीच्या पोटात संस्कृत अंश आला, तर त्यातील शब्दही ह्या सूत्रात बसतात, कारण त्यांचा पूर्वज प्राकृत ओळच आहे. म्हणून दुसरे सूत्र लिहावे लागते :

अंश[@भाषा='संस्कृत']//शब्द

आता त्या संस्कृत शब्दाला दोन्ही साचे लागू होतात. यांपैकी कोणता चालेल?

हा प्रश्न व्याकरणाच्या अभ्यासकाला नवा नाही. पाणिनीय परंपरेत सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेष नियमाला अपवाद म्हणतात. अपवाद उत्सर्गाला बाधतो. समान बळाचे दोन नियम एकाच स्थळी भिडले तर ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्राचा परंपरागत अर्थ असा, की नंतर पठित नियम प्रबळ ठरतो. एक्सएसएलटीची व्यवस्था याच वळणाची आहे. ती बळ मोजते ते मात्र अंकांनी.

नुसत्या ‘*’ ला -०.५, एखाद्या नामावकाशातील कोणत्याही घटकाला किंवा कोणत्याही नामावकाशातील विशिष्ट नावाला -०.२५, केवळ नावाला ०, आणि तिरपी रेघ किंवा चौकोनी कंस असलेल्या सूत्राला ०.५ असे वजन गृहीत धरले जाते. उभ्या रेघेने जोडलेली सूत्रे स्वतंत्र मानून प्रत्येकाचे वजन वेगळे धरतात. म्हणजे ‘पत्रा/ओळ’ हे ‘ओळ’ला बाधते आणि ‘ओळ’ हे ‘*’ला बाधते. येथवर उत्सर्ग-अपवादाचा न्याय बरोबर लागू पडतो. ‘//ओळ’ असे अनावश्यक लिहिल्यास सूत्राचे वजन ० वरून ०.५ वर जाते. मग जो साचा सामान्य म्हणून लिहिला, तोच अपवादांच्या बरोबरीला येऊन बसतो.

परंतु पाणिनीची सूक्ष्मता ह्या मापनात नाही. ०.५ ही गृहीत वजनांची कमाल मर्यादा आहे. दोन पदांचे सूत्र आणि पाच पदांचे सूत्र, एक अट आणि तीन अटी, सर्वांचे वजन सारखेच. त्यामुळे वरील प्राकृत आणि संस्कृत सूत्रे समबल ठरतात. अशा वेळी १९९९ च्या प्रमाणानुसार ही चूक होय. मात्र चूक न दर्शविता शेवटी लिहिलेला साचा निवडण्याची मुभा रूपांतरयंत्राला आहे. २०१७ च्या आवृत्तीत शेवटचा साचा निवडणे हेच गृहीत धरले आहे. म्हणजे रूपांतरपत्रातील दोन परिच्छेदांची जागा बदलली की छापील पानावर शब्दाची भाषा बदलते. हे टाळावयाचे तर साच्याला अग्रक्रम स्पष्टपणे द्यावा. संस्कृत अंशाच्या साच्यास अग्रक्रम १ दिला की संघर्ष मिटतो. नियमांच्या क्रमावर विसंबणे हे पाणिनीला शोभते, कारण त्याने क्रम हाच व्याकरणाचा भाग केला. अनेक हातांनी दुरुस्त होणाऱ्या रूपांतरपत्रात क्रमाची अशी शाश्वती देता येत नाही.

६. जेथे एकही सूत्र जुळत नाही

यापुढील मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या घटकाला एकही सूत्र जुळले नाही तर काय होते? यंत्र थांबत नाही. भाषेतच काही अंगभूत नियम आहेत आणि ते सर्व लिखित साच्यांहून दुर्बल आहेत. त्यांचे सार असे : घटकाला साचा नसेल तर त्याच्या पोटात शिरून पुढे चालावे आणि मजकूर आढळला की तो जसाच्या तसा उतरवावा. खूण गळून पडते, अक्षरे राहतात.

साध्या मजकुरासाठी ही सोय उपकारक आहे. कोरीव लेखाच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम गंभीर होतो. ‘पूर्ती’साठी साचा लिहावयाचा राहिला, किंवा सूत्रात अक्षरदोष झाला, तर संपादकाने अनुमानाने भरलेला पाठ चौकोनी कंसाशिवाय छापला जाईल. तो मूळ ताम्रपटावर कोरलेला आहे असेच वाचक समजेल. पानावर काहीही बिघडलेले दिसणार नाही. उलट ते अधिक नितळ दिसेल. कंस गळलेला पाठ उद्धृत होत गेला की अनुमान पुराव्याच्या पदाला चढते. अजिंठ्याच्या लेखात सर्वसेनाच्या नावाबाबत जे घडले त्याची दुरुस्ती होऊ शकली, कारण वाचनाला संशय घेण्याची जागा शिल्लक होती. ही जागाच नाहीशी झाली तर दुरुस्तीचा मार्ग खुंटतो.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. ‘*’ हे सूत्र असलेला एक राखीव साचा लिहावा व त्यात ठळक सूचना छापण्याची आज्ञा द्यावी. त्याचे वजन -०.५ असल्याने ज्या घटकांना स्वतःचा साचा आहे त्यांना तो बाधत नाही; मात्र अंगभूत नियमाहून तो प्रबळ आहे. त्यामुळे विसरलेला प्रत्येक घटक पानावर ओरडून सांगतो. अर्थात ‘ताम्रपट’, ‘पत्रा’ अशा केवळ आवरण असलेल्या घटकांनाही मग साचा द्यावा लागतो. पण ही मेहनत वाया जात नाही, कारण प्रत्येक घटकाचा विचार झाल्याची ती नोंदच असते. २०१७ च्या आवृत्तीत जुळणी न झाल्यास रूपांतर थांबविण्याची आज्ञाही देता येते.

७. नामावकाश आणि देवनागरी

सूत्र बरोबर दिसत असूनही न जुळण्याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण नामावकाशाचे. टीईआयच्या संहितेतील सर्व घटक टीईआयच्या नामावकाशात असतात. नाव हे जणू व्यक्तिनाम आणि नामावकाश हे आडनाव. जुळणीसूत्रात नुसते नाव लिहिले तर १९९९ च्या आवृत्तीप्रमाणे त्याचा अर्थ ‘आडनाव नसलेला घटक’ असा होतो. मग रूपांतरपत्रातील एकही साचा लागू होत नाही आणि अंगभूत नियमांनी सगळा मजकूर खुणांविना बाहेर पडतो. उपाय म्हणजे उपसर्ग लावून नाव लिहिणे. २००७ पासून गृहीत नामावकाश एकदाच जाहीर करण्याचीही सोय आहे.

दुसरे कारण आपल्या लिपीचे आहे. संगणक नावांची व मूल्यांची तुलना डोळ्यांनी करीत नाही, संकेतांकांनी करतो. ‘वऱ्हाड’ ह्या शब्दातील ऱ्ह हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही ‘वऱ्हाड’ एकसारखे दिसतात. परंतु संहितेत एक प्रकार आणि ‘स्थलनाम[@प्रांत='वऱ्हाड']’ ह्या सूत्रात दुसरा प्रकार असेल, तर जुळणी होणार नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला एकाच शब्दाची दोन लेखने परिचित असतात, पण ती डोळ्यांना दिसतात. येथे पाठभेद अदृश्य आहे. म्हणून संहितेत एकच लेखनप्रकार ठरवून तो आरंभीच नोंदवावा आणि ज्या मूल्यांवर सूत्रे आधारलेली आहेत ती तरी तपासून घ्यावीत.

अंकांबाबतही अशीच दक्षता हवी. ‘पत्रा[@क्रमांक='१']’ येथे ‘१’ हे केवळ अक्षर असल्याने देवनागरी अंक चालतो. परंतु कंसात स्थानदर्शक संख्या नुसती लिहावयाची असेल तर ती रोमन लिपीत वापरल्या जाणाऱ्या अंकांतच लिहावी लागते. देवनागरी अंक तेथे संख्या म्हणून ओळखला जात नाही.

८. समारोप

जुळणीसूत्रे हा संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याचा विषय नव्हे. ‘पूर्ती’ कोणती, ‘संदिग्ध’ कोणते, प्राकृत ओळीतील संस्कृत अंश कोठे संपतो, हे निर्णय भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाचे आहेत; ते ज्या सूत्रांनी पानावर उतरतात ती सूत्रे वाचता येणे हा त्याच निर्णयाचा उत्तरार्ध आहे. मूळ वाचन कितीही काटेकोर असले तरी एका चुकलेल्या सूत्राने ते निष्फळ होऊ शकते.

संपादन-प्रशिक्षणाच्या दृष्टीने चार गोष्टींचा आग्रह धरता येईल. सूत्र नेहमी उजवीकडून वाचून निवडला जाणारा घटक कोणता ते निश्चित करावे. दोन समबल सूत्रे भिडण्याचा संभव असेल तेथे अग्रक्रम स्पष्ट लिहावा. ‘*’ चा राखीव साचा प्रत्येक रूपांतरपत्रात असावा. आणि रूपांतरानंतर संहितेतील पूर्तींची संख्या व छापील पानावरील चौकोनी कंसांच्या जोड्यांची संख्या मोजून पाहावी. कंस केवळ पूर्तीसाठीच योजले असतील तर दोन्ही संख्या सारख्या यावयास हव्यात. त्या सारख्या नसतील तर पान प्रसिद्ध करू नये. छापखान्याच्या काळी मुद्रितशोधक हेच काम डोळ्यांनी करीत असे. साधन बदलले, तरी संपादकाची ती जबाबदारी बदललेली नाही.